पन्नास शॉट, साठ गुण : ब्रायंटच्या शेवटच्या रात्रीचा हिशेब

लॉस एंजेलिसमध्ये १३ एप्रिल २०१६ ची रात्र होती, आपल्याकडे १४ एप्रिलची सकाळ. आंबेडकर जयंतीची सुट्टी, त्यामुळे सकाळी आठला सामना बघत बसायला कुणाला रजा टाकावी लागली नाही. अमेरिकेच्या एनबीए या व्यावसायिक बास्केटबॉल लीगमधला सामना, लेकर्स विरुद्ध यूटा जॅझ. गुणतक्त्याच्या दृष्टीने सामन्याला काडीची किंमत नव्हती. लेकर्स १६ जिंकून ६५ हरले होते. जॅझचा प्लेऑफचा (हंगामानंतरच्या बाद फेरीचा) रस्ता त्याच रात्री ह्यूस्टनच्या विजयाने बंद झाला होता. तरी लेकर्सचं मैदान, स्टेपल्स सेंटर, खच्चून भरलेलं, कारण एकच : वीस हंगाम एकाच संघाकडून खेळलेल्या ३७ वर्षांच्या कोबी ब्रायंटचा हा शेवटचा सामना.

पहिले पाच शॉट हुकले. त्यानंतर जे झालं त्याच्या चित्रफिती आजही फिरतात. आपल्याला इथे हवी आहे ती फक्त आकड्यांची ओळ. ब्रायंट ४२ मिनिटं खेळला. ५० शॉट घेतले, २२ आत गेले. त्या पन्नासांपैकी २१ थ्री-पॉइंटर, म्हणजे लांबून मारलेले तीन गुणांचे शॉट होते, त्यातले ६ गेले. फ्री थ्रो, म्हणजे फाउलबद्दल मिळणारे एका गुणाचे मोकळे शॉट, १२, पैकी १० आत. एकूण ६० गुण. लेकर्स १०१-९६ ने जिंकले आणि बाकीच्या सगळ्या संघाचे मिळून ४१ गुण झाले.

सामना संपायच्या आत दोन तट पडले होते. एक म्हणतो, सदतिसाव्या वर्षी साठ गुण, याच्यापुढे बोलणं खुंटलं. दुसरा म्हणतो, पन्नास शॉट मारायला दिले तर साठ गुण कुणीही काढेल. दोघांचंही म्हणणं आकड्यांत तपासता येतं, आणि तपासलं की दोघांचीही पंचाईत होते. म्हणून हे प्रकरण निवडलं आहे.

कोणती टक्केवारी?

सर्वात जुना मापदंड फील्ड गोल टक्केवारी : आत गेलेले शॉट भागिले घेतलेले शॉट. ५० पैकी २२, म्हणजे ४४ टक्के. त्या हंगामात एनबीएची सरासरी ४५.२ टक्के होती. म्हणजे या मापाने ब्रायंट सरासरीच्या खाली.

पण हे माप थ्री-पॉइंटर आणि रिंगखालचा लेअप एकाच तराजूत तोलतं. एनबीएत तीन गुणांची रेषा १९७९-८० च्या हंगामात आली, समोरून ७.२४ मीटरवर. तिच्या बाहेरून गेलेल्या चेंडूला दीडपट मोल मिळायला लागलं, त्या दिवसापासून ही टक्केवारी लंगडी झाली. थ्री ३५ टक्के लागत असेल तर दर शॉटला १.०५ गुण मिळतात, आणि लांबचा दोन गुणांचा शॉट ४० टक्के लागत असेल तर ०.८. टक्केवारीच्या रकान्यात मात्र दुसराच हुशार दिसतो. ही त्रुटी भरून काढायला इफेक्टिव्ह फील्ड गोल टक्केवारी आली : आत गेलेल्या प्रत्येक थ्रीला दीड बास्केट धरायची. ब्रायंटच्या २२ बास्केटमध्ये सहा थ्रींचे तीन जादा मिळवा, २५ झाले. भागिले ५०, बरोबर ५० टक्के. लीगची सरासरी ५०.२. अजून खालीच, पण केसभर.

फ्री थ्रो याही मापात कुठेच नाहीत. आणि बचावाला अंगावर घेऊन फाउल काढणं हीदेखील गुण मिळवण्याचीच कला आहे. त्यासाठी ट्रू शूटिंग : एकूण गुण भागिले दोन गुणिले संधी, आणि संधी म्हणजे घेतलेले शॉट अधिक फ्री थ्रोच्या ०.४४ पट. ब्रायंटसाठी ५० अधिक १२ च्या ०.४४ पट, म्हणजे ५५.२८ संधी. दुप्पट केली की ११०.५६. साठला त्याने भागलं की ५४.३ टक्के. लीगची सरासरी ५४.१.

आता तिन्ही मापं एकापुढे एक ठेवा. पहिल्याने खाली, दुसऱ्याने बरोबरीत, तिसऱ्याने किंचित वर. जगभर ज्याची चर्चा झाली तो सामना नेमबाजीच्या कार्यक्षमतेत एनबीएच्या कुठल्याही सर्वसाधारण खेळाडूच्या कुठल्याही सर्वसाधारण रात्रीसारखा होता. हेच उलट बाजूने बघू : तेवढ्याच ५५.२८ संधी लीगच्या सरासरीने वापरल्या असत्या तर ५९.८ गुण झाले असते. ब्रायंटने ६० केले. फरक ०.२ गुणांचा.

तो ०.२ तरी खरा का, हाही प्रश्नच आहे, कारण सगळं त्या ०.४४ वर उभं आहे. हा आकडा आला कुठून? फ्री थ्रो मिळणाऱ्या बहुतेक फाउलवर ते दोन मिळतात, म्हणजे दोन फ्री थ्रोमागे एक संधी खर्च होते. त्या न्यायाने ०.५ धरायला हवं. पण शॉट आत गेला आणि वर एक फ्री थ्रोही मिळाला, तर ती संधी शॉटमध्ये आधीच मोजलेली असते. टेक्निकल फाउलचा फ्री थ्रो तर संधी खर्च न होताच मिळतो. थ्री मारताना फाउल झाला की तीन मिळतात. ही सगळी सरमिसळ हजारो सामन्यांत मोजली की सरासरी ०.४४ च्या आसपास बसते. हंगामभराच्या हिशेबाला हे छान चालतं. एका सामन्यातल्या बारा फ्री थ्रोंना ते तंतोतंत लागू पडेलच असं नाही. समजा बाराही फ्री थ्रो जोडीजोडीने आले, तर सहा संधी खर्च झाल्या आणि ट्रू शूटिंग ५३.६ वर येतं, सरासरीच्या खाली. समजा त्यातले दोन शॉटसोबतचे जादा होते आणि दहा जोडीने, तर ५४.५. दशांशानंतरच्या आकड्यावरून हमरीतुमरीवर येणाऱ्यांनी आधी एवढं करून बघावं.

त्याच वेळी ओकलंडला

नियतीने त्या रात्री तुलनेची सोय आयतीच करून ठेवली होती. साधारण त्याच वेळी कॅलिफोर्नियातच, ओकलंडला, गोल्डन स्टेट वॉरियर्स आणि मेम्फिस ग्रिझलीज खेळत होते. वॉरियर्स १२५-१०४ ने जिंकले आणि हंगामातला त्यांचा ७३ वा विजय नोंदला गेला. शिकागो बुल्सचा १९९५-९६ चा ७२ विजयांचा विक्रम मोडला. वॉरियर्सच्या स्टीफन करीने २४ पैकी १५ शॉट आत घातले, थ्री १९ पैकी १०, फ्री थ्रो सहाच्या सहा. ४६ गुण. याच सामन्यात त्याचा हंगामातल्या थ्रींचा आकडा ४०० ओलांडून ४०२ वर थांबला. आधीचा विक्रम २८६ चा होता, आणि तोही त्याचाच, आदल्या वर्षीचा.

करीचं ट्रू शूटिंग काढू. संधी २४ अधिक सहाच्या ०.४४ पट, २६.६४. दुप्पट ५३.२८. सेहेचाळीस भागिले तेवढे, ८६.३ टक्के. लीगच्या सरासरीने तेवढ्या संधींत २८.८ गुण होतात. करीने १७ जादा काढले. ब्रायंटचे जादा गुण ०.२, करीचे १७.२. संधी मात्र ब्रायंटला दुपटीहून जास्त.

इथे थांबलं तर निकाल सोपा आहे : करी श्रेष्ठ, ब्रायंट हावरट. पुष्कळ विश्लेषण इथेच थांबतं, आणि ट्रू शूटिंगवर खरा राग असतो तो याच घाईचा. करीच्या अंगावर दोन बचावपटू धावले की मोकळा उरणारा माणूस क्ले थॉम्पसनसारखा पट्टीचा नेमबाज असायचा. ब्रायंटच्या अंगावर दोन धावले की मोकळा उरायचा तो १६ सामने जिंकलेल्या संघातला कुणीतरी. शिवाय करीचा सामना लवकरच एकतर्फी झाला आणि तो जेमतेम ३० मिनिटं खेळला. ब्रायंटला शेवटच्या मिनिटापर्यंत ओढायचं होतं. एकूण ७९ सामन्यांत ६६.९ टक्के ट्रू शूटिंगने खेळलेल्या माणसाची ही रात्र, हेही ध्यानात ठेवायला हवं. करी त्या वर्षी जे करत होता त्याला आधी कुठेच तोड नव्हती. त्याच्या शेजारी उभं केलं की लीगमधल्या कुणाचीही उंची कमीच दिसणार.

दहा वर्षांपूर्वीचा तोच माणूस

ब्रायंटला करीपेक्षा ब्रायंटशीच ताडून बघणं मला जास्त न्याय्य वाटतं. २२ जानेवारी २००६, पुन्हा लॉस एंजेलिस, समोर टोरंटो रॅप्टर्स. ४६ पैकी २८ शॉट, थ्री १३ पैकी ७, फ्री थ्रो २० पैकी १८. ८१ गुण. एनबीएत एका सामन्यात याच्याहून जास्त गुण तोवर फक्त विल्ट चेंबरलेनचे होते, १९६२ चे १००.

त्या रात्रीच्या संधी मोजा : ४६ अधिक २० च्या ०.४४ पट, ५४.८. आणि २०१६ च्या निरोपाच्या रात्रीच्या? ५५.२८. जवळजवळ सारख्याच! माणूस तोच, मैदान तेच, संधी तेवढ्याच. एकदा ८१, एकदा ६०. ट्रू शूटिंग एकदा ७३.९, एकदा ५४.३. नुसत्या गुणांच्या आकड्याने २१ चा फरक कळतो. तो फरक शॉटची संख्या कमी झाली म्हणून पडला की शॉट हुकले म्हणून, हे मात्र गुणांचा आकडा सांगत नाही. संधी मोजल्या की ते लख्ख कळतं. २००५-०६ मध्ये लीगची सरासरी ५३.६ होती. त्या हिशेबाने २००६ च्या सामन्यात सरासरीपेक्षा सुमारे २२ गुण जादा निघाले. म्हणजे "शॉट एवढे मिळाले तर कुणीही" हा टोमणा ८१ ला अजिबात लागू पडत नाही. ६० ला तो बराचसा लागू पडतो.

बराचसा म्हटलं, पूर्ण नाही. त्याचं कारण ब्रायंटच्या त्या शेवटच्या हंगामात आहे. ६६ सामने, १११३ शॉट, ३९८ आत : ३५.८ टक्के. थ्री ४६७ पैकी १३३. फ्री थ्रो २८१ पैकी २३२. ट्रू शूटिंग ४६.९, लीगच्या सरासरीपेक्षा सात टक्क्यांहून खाली. ज्या वयात अकिलिसच्या आणि खांद्याच्या दुखापती होऊन गेल्यावर बहुतेक जण बाकावर बसून राहतात, त्या वयात रोज सोळा-सतरा शॉट घेण्याची किंमत ती. त्या दराने त्याने ५० शॉट आणि १२ फ्री थ्रो घेतले असते तर किती गुण व्हायला हवे होते? दोनाचे आणि तिनाचे शॉट वेगवेगळे धरून हिशेब केला तर ५१.६. झाले ६०. जादा ८.४.

हे ८.४ कुठून आले ते शोधताना एक मजेशीर गोष्ट हाती लागते. थ्री त्या रात्री २८.६ टक्के लागले. हंगामभराचा दर २८.५. म्हणजे थ्रीत काहीही वेगळं घडलं नाही. फ्री थ्रो ८३.३ टक्के, हंगामाचा दर ८२.६. तिथेही तसंच. उरले दोन गुणांचे शॉट : २९ पैकी १६, ५५.२ टक्के. हंगामात त्याचा हा दर ४१ टक्के होता, त्या दराने बाराच्या आसपास व्हायला हवे होते. म्हणजे सगळा जादूचा मामला चार जादा बास्केटचा. चार जंप शॉट रिंगच्या कडेवर आपटून बाहेर गेले असते, तर ब्रायंट आपल्या त्या हंगामाच्या नेहमीच्या दरानेच खेळला असता, गुण ५२ झाले असते आणि लेकर्स बहुधा हरले असते.

नशिबाचा वाटा

चार बास्केट जास्त पडणं किती दुर्मीळ? प्रत्येक शॉटला नाणेफेक समजा, फक्त नाणं थोडं कलतं : दोनाच्या शॉटला ४१ टक्के, तिनाच्याला २८.५, फ्री थ्रोला ८२.६. २९, २१ आणि १२ वेळा ही नाणी उडवली तर गुणांची सरासरी ५१.६ येते आणि प्रमाणित विचलन, म्हणजे आकडे सरासरीपासून साधारण किती दूर पसरतात त्याचं माप, ८.३ च्या आसपास. म्हणजे साठ हा आकडा सरासरीपासून जवळजवळ एक विचलन वर आहे. अशा खेळीत सहातून एकदा तरी एवढं किंवा याहून जास्त होतं. संख्याशास्त्राच्या भाषेत याला दुर्मीळ म्हणत नाहीत. सोमवारी पाऊस पडला तर त्याला कुणी चमत्कार म्हणत नाही, तसंच.

अर्थात शॉट म्हणजे नाणं नाही. थकवा असतो, बचाव बदलतो, एका शॉटचा पुढच्या निवडीवर परिणाम होतो. तरी या ढोबळ हिशेबाचा एक फायदा आहे : एका सामन्याच्या ट्रू शूटिंगवरून माणसाबद्दल काही ठाम बोलायला पन्नास शॉटही पुरत नाहीत, हे तो दाखवतो. करीच्या रात्रीला हेच गणित लावलं तर त्याच्या हंगामाच्या दराने अपेक्षित गुण ३७ येतात, विचलन ७ च्या घरात. ४६ म्हणजे जेमतेम सव्वा विचलन. त्या रात्री करीही स्वतःच्या मानाने जगावेगळं काही खेळला नव्हता. जगावेगळं होतं ते त्याचं रोजचं खेळणं, आणि ते कळायला हंगामभराचे १५९८ शॉट लागले.

मग ब्रायंटच्या त्या रात्रीत असाधारण काय होतं? संधींची संख्या. पन्नास शॉट त्याने आयुष्यात कधीच घेतले नव्हते. त्याआधीचा त्याचा स्वतःचा उच्चांक ४७ चा. आजच्या खेळात तेवढे शॉट घ्यायला मोकळीक लागते, ४२ मिनिटं टिकणारे पाय लागतात, आणि चेंडू हातात आल्यावर दर वेळी आपल्यालाच शोधणारे चार सहकारी लागतात. ३७ व्या वर्षी त्या पायांवर लीगच्या सरासरीइतकी अचूकता शेवटपर्यंत टिकवणं हे मात्र सहातून एकदा घडणाऱ्या गोष्टींत मोडत नाही. वरच्या हिशेबात थकवा शून्य धरला आहे. चौथ्या क्वार्टरमध्ये ब्रायंटने एकट्याने २३ गुण केले, अख्ख्या यूटाने २१. थकलेल्या माणसाची टक्केवारी शेवटी घसरायला हवी होती, इथे उलटंच झालं.

दुसऱ्या कुणी शॉट घेतला असता तर?

कार्यक्षमतेच्या चर्चेत हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आणि नेमका हाच बॉक्स स्कोअरमध्ये, म्हणजे सामन्याच्या आकड्यांच्या तक्त्यात, नसतो. १९७५ च्या विश्वचषकात लॉर्ड्सवर गावस्करांनी १७४ चेंडू खेळून नाबाद ३६ केल्या. त्या खेळीवर आजही टीका होते ती धावा कमी झाल्या म्हणून नव्हे, बाकीच्यांचे चेंडू खाल्ले म्हणून. बास्केटबॉलमध्ये त्या हंगामात एका संघाच्या वाट्याला सामन्यात सरासरी ९६ च्या आसपास पझेशन, म्हणजे चेंडू ताब्यात असण्याच्या पाळ्या, येत होती. त्यात एका माणसाने ५५ संधी घेतल्या तर इतरांच्या ताटातलं काढूनच घेतल्या.

पण इतरांचं ताट कसलं होतं तेही बघायला हवं. लेकर्सचं आक्रमण त्या वर्षी लीगमधल्या सर्वात दुबळ्या आक्रमणांपैकी एक होतं. समजा सहकाऱ्यांनी त्याच संधी ५१ टक्के ट्रू शूटिंगने वापरल्या असत्या, तर ५६ च्या जवळपास गुण झाले असते. ब्रायंटने साठ केले. चार गुणांचा फायदा, आणि सामना जिंकला पाच गुणांनी. ५१ हा आकडा मी सोयीसाठी धरला आहे, तो ५३ धरला तर फायदा दीड गुणावर येतो. पण दिशा बदलत नाही. चांगल्या संघात सरासरी कार्यक्षमतेने पन्नास शॉट घेणारा माणूस नुकसान करतो. वाईट संघात तोच माणूस फायद्याचा असतो.

डीन ऑलिव्हर यांनी हे फार आधी मांडलं होतं. बास्केटबॉलच्या आकडेशास्त्राचा पाया घालणाऱ्यांत त्यांचं नाव घेतलं जातं. एखाद्याच्या वाट्याला येणाऱ्या संधी वाढत जातात तसे सोपे शॉट संपतात आणि अवघड उरतात, म्हणून बहुतेकांची कार्यक्षमता वापराबरोबर उतरते, असं त्यांचं म्हणणं. कुणाची झरकन उतरते, कुणाची सावकाश. सावकाश उतरणाऱ्याला आपण स्टार म्हणतो. २०००-०१ मध्ये ॲलन आयव्हर्सनने ४२ टक्के फील्ड गोलने सामन्याला ३१.१ गुण काढले, एमव्हीपी (हंगामातला सर्वात मौल्यवान खेळाडू) झाला आणि फिलाडेल्फियाला अंतिम फेरीत घेऊन गेला. त्याचं ट्रू शूटिंग होतं ५१.८, त्या वर्षीच्या लीगच्या सरासरीइतकंच. त्या एमव्हीपीवर पुढे वर्षानुवर्षं वाद झाला. माझ्या मते मतदारांनी फार चूक केली नव्हती. तो संघ बचावावर जिंकत होता, आणि आक्रमणाचं सगळं ओझं एकाने सरासरी दराने उचलल्यामुळे बाकीचे चौघे बचावाला मोकळे राहत होते. ट्रू शूटिंगच्या रकान्यात हे कुठे दिसणार?

अजून एक गोष्ट त्या रकान्यात दिसत नाही : शॉट किती अवघड होता. २०१३-१४ पासून एनबीएच्या प्रत्येक मैदानाच्या छताला सहा कॅमेरे लागले आणि सेकंदाला २५ वेळा प्रत्येक खेळाडूची जागा नोंदली जाऊ लागली. जवळचा बचावपटू किती अंतरावर होता, शॉट घेण्याआधी किती ड्रिबल झाले, हे सगळं त्यातून मिळतं. मग "या जागेवरून, एवढ्या दडपणाखाली, सरासरी खेळाडूचा शॉट किती वेळा गेला असता" हे काढून खऱ्या निकालाशी ताडता येतं. निवड आणि कौशल्य वेगळं करायचा हाच रस्ता. वाईट शॉट निवडून चांगला मारणारा आणि चांगला शॉट निवडून जेमतेम मारणारा यांचं ट्रू शूटिंग सारखं येऊ शकतं. प्रशिक्षकाला मात्र दोघांशी वेगवेगळं बोलावं लागतं.

निरोपाच्या सामन्याचं शेवटचं मिनिट याचाच नमुना आहे. ५९ सेकंद उरले असताना ब्रायंटने थ्री मारला, यूटाची आघाडी एका गुणावर आली, ९६-९५. पुढच्या वेळी, ३१.६ सेकंद उरले असताना, रेषेच्या आतून लांबचा जंप शॉट. दोन गुण. ९७-९६. आकडेवाले ज्याला खेळातला सगळ्यात तोट्याचा शॉट म्हणतात, तो हाच. त्या हंगामातल्या ब्रायंटच्या दोनाच्या दराने त्याची किंमत ०.८२ गुण. पण एका गुणाने मागे असताना आणि अर्धं मिनिट हातात असताना दोन गुण आणि तीन गुण यांत फारसा फरक राहत नाही, बास्केट होण्याला महत्त्व असतं. आणि होण्याची शक्यता थ्रीत २८.५, दोनात ४१. ट्रू शूटिंग वाढवणारा शॉट आणि सामना जिंकवणारा शॉट त्या क्षणी वेगवेगळे होते. मग दोन फ्री थ्रो, साठ पूर्ण. शेवटचा चेंडू त्याने स्वतः न मारता सहकारी जॉर्डन क्लार्कसनकडे दिला आणि क्लार्कसनने डंक केला.

त्या रात्रीने ब्रायंटचं हंगामाचं ट्रू शूटिंग ४६.६ वरून ४६.९ वर गेलं. एवढंच. कारकिर्दीचा आकडा ५५.० आहे, म्हणजे शेवटच्या रात्रीचे ५४.३ टक्के ही त्याच्या वीस वर्षांतली जवळपास सरासरीची रात्र होती. आदल्या ६५ सामन्यांत तो जसा खेळला ते पाहता, त्याला पुन्हा एकदा स्वतःच्या सरासरीला गाठता आलं, हेच मला साठ या आकड्यापेक्षा मोठं वाटतं.

आपल्या स्कोअरशीटवर

हा सगळा खटाटोप आपल्याकडच्या सामन्यांना लावता येईल का, असं नागपाड्यापासून नागपूरपर्यंत कुठल्याही कोर्टवरचा प्रशिक्षक विचारेल. अडचण सूत्राची नाही, नोंदीची आहे. फिबाच्या (आंतरराष्ट्रीय बास्केटबॉल महासंघाच्या) अधिकृत स्कोअरशीटवर शॉटपैकी फक्त झालेले गुण लिहिले जातात : बास्केटला तिरपी रेघ, थ्री असेल तर खेळाडूच्या नंबराला गोल, फ्री थ्रोला भरलेला ठिपका. हुकलेल्या शॉटला जागाच नाही. त्यामुळे जिल्हा स्पर्धेत कुणी २४ गुण केले तर ते १५ शॉटमध्ये की ३० मध्ये, हे दुसऱ्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. टेबलामागे वही घेऊन एक पोरगा बसवावा आणि त्याने प्रत्येक हुकलेल्या शॉटचा नंबर आणि तो दोनाचा की तिनाचा एवढंच लिहावं. बाकी सगळं शीटवरून निघतं.

आणि त्या ०.४४ चं काय? तो आकडा एनबीएचा आहे, आपल्या शाळा-कॉलेजांच्या सामन्यांना तो जसाच्या तसा लावायचं कारण नाही. तसा तो लागतही नाही. फिबाच्या शीटवर वैयक्तिक फाउलचा पी लिहिला की त्याच्या शेजारी किती फ्री थ्रो दिले तो आकडा घालतात : १, २ किंवा ३. समोरच्या संघाच्या फाउलच्या रकान्यातले २ आणि ३ मोजले की आपल्या संघाच्या किती संधी फ्री थ्रोत खर्च झाल्या ते जवळजवळ नेमकं मिळतं, आणि १ म्हणजे बहुतेक वेळा बास्केटवरचा जादा, तो सोडून द्यायचा. पूर्ण संघाचा हिशेब असा एनबीएच्या सूत्रापेक्षाही अचूक बसतो. एकेका खेळाडूचा हवा असेल, तर फ्री थ्रो कुणी मारले हेही त्या वहीवाल्या पोरालाच लिहायला सांगावं लागेल.